धडधाकट बेल्ट

बंगळूरातल्या बनशंकरीच्या मकरंद देवस्थळींच्या घरात गेली दोन वर्षं काहीही टाकून द्यायची सोय उरली नव्हती. कुकरची रिंग फुसफुसायची, टूथब्रशचे केस चारी दिशांना पांगलेले, आणि बायकोने, महानंदाने, नवीन आणायचं नुसतं नाव काढलं की मकरंदराव गुरकावत, "चालतंय ना? मग?"

गंमत अशी, की या गृहस्थांनी उभी हयात नेमकं उलटं केलं होतं. विमानांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या सरकारी कारखान्यात ते नोकरीला होते. तिथे भागाची मुदत भरली की तो लखलखीत असला तरी काढायचा, असा दंडक. आणि तो पाळण्यात त्यांच्याइतका खडूस माणूस साऱ्या बंगळूरात सापडला नसता. मग साठाव्या वर्षी त्याच दंडकाने त्यांनाच काढलं. ना बीपी, ना साखर, डोकं तल्लख, तरी गळ्यात हार घालून घरी पाठवलं. तो हार त्यांना फार लागला. बोलले कुणाजवळ नाहीत, पण तेव्हापासून मुदतीचं नाव काढणाऱ्या प्रत्येकाशी त्यांचं वाकडं.

कुकरच्या रिंगेपर्यंत महानंदाने हे सोसलं. गाडीची वेळ आली तेव्हा मात्र ती हटून बसली. निपाणीला, तिच्या माहेरी, भाचीचं लग्न होतं आणि तिथवर स्वतः गाडी चालवत जायची तिची जुनी हौस. इंजिनातला टायमिंग बेल्ट मात्र गाडी घेतल्यापासून एकदाही बदललेला नव्हता.

"किलोमीटर बघ," मकरंदराव म्हणाले, "निम्मेसुद्धा झाले नाहीत."

"वर्षं बघा की! किलोमीटर नाहीतर वर्षं, जे आधी भरेल ते. तुम्हीच शिकवलाय मला. आणि सिग्नलला उभं राहून इंजिन चालतंय, ते काय मीटरवर पडतंय होय?"

"आवाज कुठे करतोय तो?"

"करतच नसतोय हो! गपचीप तुटतोय आणि आतल्या आत इंजिनाचा चुराडा. हायवेवर झालं तर मी कुणाला हाक मारू?"

मकरंदरावांनी पेपर उघडला, पण वाचवेना. बातम्यांच्या जागी त्यांना हायवेच्या कडेला बॉनेट उघडून एकटी उभी असलेली महानंदा दिसू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मुकाट्याने गाडी गॅरेजात नेऊन ठेवली.

संध्याकाळी दोघं ती आणायला गेली. गॅरेजवाल्या शिवकुमारने नवा बेल्ट चढवला होता. जुना त्याने मकरंदरावांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरला, वाकवला, एकेक दात तपासला. कुठे चीर नाही, कुठे धागा सुटलेला नाही.

"इन्नू स्वल्प दिन ओडतित्तु, सार," शिवकुमार म्हणाला. अजून थोडे दिवस चालला असता.

"ऐकलंस?" मकरंदराव उसळले. "चालला असता! धडधाकट होता आणि उगाच काढला त्याला!" शिवकुमार गडबडून बिल करायला आत निघून गेला.

महानंदाला हे बेल्टाचं दुखणं नाही हे कळत होतं.

"चालला असता, खरं आहे," ती म्हणाली. "आणि तुम्हीपण आणखी दहा वर्षं चालला असता. पण पार मोडल्यावर कारखानेवाल्यांनी तुम्हाला घरी पाठवलं असतं, तर माझ्या वाट्याला काय आलं असतं हो? उशाशी औषधाच्या बाटल्या? चांगला माणूस परत दिलाय त्यांनी मला. दोन वर्षं झाली, तो घरी कधी येतोय म्हणून मी वाट बघतीय."

मकरंदरावांनी तो बेल्ट भंगाराच्या पिंपात टाकला, किल्ली तिच्या हातात दिली आणि डावीकडचं दार उघडून आत बसले.

"पहाटेच निघू," ते म्हणाले. "वाटेत तुमकूरला ती ताटलीएवढी तट्टे इडली खाऊ. आणि लग्न झाल्याबरोबर परतायची घाई करू नकोस. मला काही कामावर जायचं नाही."