डाव्या बाजूचा उजेड

दादांची व्हॅन आम्ही विकली नाही, याचे कारण इंद्रायणीच्या घाटावर मी दिलेला शब्द. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. जमलेल्या आप्तांनी एकेक करून हात जोडले. वहिनींना अंतर देणार नाही, सासरी गेलेल्या मुलीकडे लक्ष देऊ, असे सगळे सांगून झाले. कावळे समोरच्या फांदीवर बसूनच होते. शेवटी मी म्हणालो, गाडी विकणार नाही, मी चालवीन. म्हणताना मनात फारसे काही नव्हते. ऊन चढले होते आणि माणसे खोळंबली होती. एक कावळा खाली उतरला. तेव्हापासून ती व्हॅन आमच्या घरात नुसती वस्तू राहिली नाही.

दादा माझे थोरले बंधू. चाकणच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले. मीही त्याच पट्ट्यात, दुसऱ्या कंपनीच्या देखभाल विभागात, वीजकामावर आहे. दिघीत आमचे एकच घर; खाली दादा-वहिनी, वर मी आणि पत्नी. संध्याकाळी दादांची गाडी डावा इंडिकेटर लावून आमच्या गल्लीत वळे, त्याची उघडझाप समोरच्या भिंतीवर दिसे, आणि ती पाहून वहिनी चहाचे आधण ठेवीत. एका पहाटे दादा झोपेतच गेले. त्यानंतर व्हॅन खिडकीसमोर तशीच उभी राहिली.

हिवाळ्यात मी ती चालवू लागलो. पहाटे चाकणच्या रस्त्यावर मोशीच्या पुढे धुके असे आणि जुन्या बल्बांचा पिवळा उजेड त्यात विरून जाई. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी गाडीचे सगळे बल्ब काढून एलईडी बसवले. लगेच इंडिकेटर वेड्यासारखे भराभर लुकलुकू लागले. ते अपेक्षितच होते. एलईडी फार थोडी वीज घेतो, म्हणून उघडझाप करणारा जुना फ्लॅशर फसतो. मी फ्लॅशर बदलला, गती सुधारली, आणि काम संपले असे समजून हात धुतले.

काही दिवसांनी दिवेलागणीच्या सुमारास खाली आलो तेव्हा वहिनी खिडकीशी उभ्या होत्या. खोलीतला दिवा लावलेला नव्हता. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मागे पाहिले नाही.

"ते यायलेत, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "वळायलेत."

त्या लातूरकडच्या, इतकी वर्षे इथे राहूनही त्यांची बोली बदललेली नाही. मी बाहेर गेलो. गाडीची किल्ली आमच्याकडे वर खिळ्याला टांगलेली होती. तरीही डावे इंडिकेटर, पुढचा आणि मागचा, मंद नारिंगी पेटलेले होते. उघडझाप नव्हती. राखेखालचा निखारा असतो तसा तो उजेड होता, मधूनच किंचित थरथरणारा. मी काचेवर तळहात ठेवला, तेव्हा बोटांच्या कडा लालसर दिसू लागल्या. उजवी बाजू पूर्ण काळोखी होती.

वहिनींना मी सांगितले की कुठूनतरी वीज झिरपते आहे, त्यात विशेष काही नाही. त्यांनी ऐकून घेतले. पण सकाळी ऊन आले की उजेड नाहीसा होई आणि संध्याकाळी, नेमका दादांच्या येण्याच्या वेळी, परत येई. एकदा मी बॅटरीची तार सोडली. दिवा एकदम विझला नाही. थोडा वेळ रेंगाळला आणि मग गेला. तार जोडताच पुन्हा आला. आतल्या सर्किटमध्ये थोडी वीज साठून राहते, म्हणून तो रेंगाळतो, हे मला ठाऊक आहे. तरी त्या वेळी मी दोन पावले मागे सरलो होतो.

भोसरीत गाड्यांचे वीजकाम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला दाखवले. तो हसला. "तुमी सवता वीजवाले, आन् मला विचारताय व्हय? एलईडीला ह्यो रोग असतोच, राव. जुना बल्ब म्हंजी म्हातारा, हाक मारल्याबिगर उठत न्हाई. ह्ये पोर नुसत्या कुजबुजीनं जागं हुतंय." कुजबुज कुठून येते, हे मात्र त्यालाही दिवसाच्या उजेडात सापडले नाही. तेव्हा दिवा पेटलेलाच नव्हता.

इकडे वहिनींचे संध्याकाळचे जेवण सुटले. दर शनिवारी त्या गाडीला पुढे लिंबू-मिरची बांधीत, आता अमावास्येलाही बांधू लागल्या. अखेर त्यांनी भावाला फोन केला. येत्या रविवारी तो त्यांना कायमचे माहेरी न्यायला येणार होता. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांला कायतरी सांगायचंय अन् मला कळंना. रोज दारात येऊन उभं राहतेत. मला न्हाई बघवत." गाडीचे दिवे बदलले म्हणून दादा रागावले असतील, असे त्या म्हणाल्या नाहीत. ते त्यांच्या नजरेत मी वाचले, की माझ्याच मनात होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

पत्नीचा सल्ला सोपा होता: जुने बल्ब घाला आणि मोकळे व्हा. तसे केले असते तर उजेड दिसला नसता, पण गळती राहिली असती. वहिनींनीही ते झाकणेच मानले असते. घाटावर मी एकदा वेळ मारून नेली होती. पुन्हा तसे करवेना.

रविवारच्या आदल्या दिवशी ऊन उतरताच मी गाडीजवळ बसलो. दव पडू लागले आणि डाव्या काचेत निखारा उमटला. मी एकेक फ्यूज काढून परत बसवू लागलो. हॉर्नचा फ्यूज काढला आणि उजेड हळूहळू ओसरला. परत बसवला, उजेड आला. हॉर्नच्या तारेत किल्ली नसतानाही वीज असते. ती तार धरून मी पुढच्या जाळीमागे गेलो. तिथे एका जोडावर हॉर्नची आणि डाव्या इंडिकेटरची तार शेजारी-शेजारी बसवलेली होती, आणि त्या जोडाला तांब्याच्या बारीक तारेचे वेढेच वेढे होते.

लिंबू-मिरची लोक दोऱ्यात ओवतात. चाकणच्या खड्ड्यांत दोरा टिकत नाही, म्हणून दादा कारखान्यातल्या टाकाऊ तारेत ओवून ती याच जोडाला बांधीत, आणि त्यांचे पाहून वहिनीही. लिंबाचा रस वर्षानुवर्षे तारेवरून उतरून त्या जोडात मुरला होता आणि तिथे हिरवा थर चढला होता. संध्याकाळी तो दवाने ओला होई आणि त्यातून वीज पलीकडे झिरपे. उन्हात सुके आणि थांबे.

मी वहिनींना बोलावले. त्या टॉर्चच्या उजेडात वाकून पाहत राहिल्या. वरचे वेढे सैल, चमकदार, ते त्यांचे. खालचे काळे पडलेले, एकमेकांना बिलगून सरळ बसवलेले, टोक आत दडवलेले.

"हे त्यांच्या हातचं हाय," त्या म्हणाल्या.

मी सगळे समजावून सांगितले. ऐकता ऐकता त्यांनी वरच्या वेढ्यांवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "म्हंजे मी बांधत गेले, तसं वाढत गेलं."

"हो."

"अन् सुरुवात त्यांची."

"हो, वहिनी."

"मग दिवा लावला कुणी म्हणायचा, भाऊजी?"

दव, लिंबू, तार, एलईडी: माझ्याजवळचे प्रत्येक उत्तर खरे होते, आणि त्यातले एकही त्या प्रश्नाचे नव्हते. मी पक्कड उचलली. त्यांनी हात आडवा धरला. "तोडू नका. सोडवा."

त्यांनीच सोडवले. आधी स्वतःचे वेढे, मग दादांचे. तार सुटली तरी सरळ होईना, बोटांभोवती पुन्हा वळायची. शेवटचा वेढा निघाल्यावर मी तो जोड बदलला आणि दोन्ही तारा वेगवेगळ्या नेल्या. डावी काच काळी झाली. वहिनी ओट्यावर बसून पूर्ण अंधार होईपर्यंत तिच्याकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा भाऊ आला. त्यांनी त्याला जेवू घातले आणि परत पाठवले. मला एवढेच म्हणाल्या, "आता दारात ताटकळत कुणी न्हाई. मला ऱ्हाता येईल."

वहिनी राहिल्या. दिवाही पुन्हा पेटला नाही. मात्र दव जास्त असले की गाडी उभी केल्यावर मी डाव्या काचेवर हात ठेवतो. काच गार असते. जोड नीट बसला आहे ना, हे पाहतो, असे मी स्वतःला सांगतो, आणि तरी हात लगेच उचलत नाही. वहिनी खिडकीतून हे पाहतात. मग चहाचे आधण ठेवतात.