गोठ्याच्या भिंतीवरचे ठिपके

सावद्याजवळच्या एका गावातल्या जीवराम पाटलाची बायको कुंदाबाई. तिला राग लवकर यायचा आणि उशिरा जायचा. १९३६ सालच्या उन्हाळ्यात तर तो गेलाच नाही. गुडघे असे धरले होते की केळीच्या बागेपर्यंतही चालवेना. जळगावच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्टच सांगितलं, "बाई, चाळीस रत्तल वजन उतरवा, नाहीतर अंथरूण धराल. गूळ, तूप, केळी, तळलेलं बंद. दर आठवड्याला वजन करून बघा."

माणूस तोलता येईल असा काटा गावात एकच होता, कापसाची सरकी काढायच्या गिरणीतला, म्हणजे जिनातला. रविवारी सकाळी उपाशीपोटी ती तिथे गेली. मापाडी झुलालने दांडीवरचं वजन सरकवलं आणि कापसाचं गाठोडं तोलावं तसा आकडा ओरडला, "दोनशे बारा." फाटकाशी बसलेले गाडीवान हसले.

"मी बहिरी नही, झुलाल," ती म्हणाली. "हळू सांग."

पुढच्या रविवारी तो आणखी मोठ्याने ओरडला. ती संतापली, पण जायची थांबली नाही.

लिहिता येत नव्हतं, म्हणून गोठ्याच्या भिंतीवर ती गेरूने ठिपके देऊ लागली. रत्तलभर उतरलं की ठिपका बोटभर खाली, चढलं की बोटभर वर. एका वेळेला एक भाकरी, पोकळ्याची भाजी आणि ताक, एवढ्यावर ती दिवस काढायची. बाकीच्यांसाठी पुऱ्या मात्र तिलाच तळाव्या लागायच्या.

पोळ्याच्या आठवड्यात वजन तीन रत्तल चढलं. जीवरामने तिची जाऊ पुष्पाबाई हिच्या देखत विचारलं, "चोरून खाते काय व तू?" पुष्पाबाईने त्याच दिवशी कोठीची किल्ली आपल्या कमरेला खोचली.

कुंदाबाई तडक उठली. ती गोठ्यात जाऊन भिंतीसमोर उभी राहिली. शेवटचा ठिपका वर चढला होता खरा, पण जेठापासूनची सगळी ओळ पाहिली तर ती खालीच उतरत आली होती. त्या आठवड्यात तिने भाकरीशी लोणचं खाल्लं होतं, वर तांब्या तांब्या पाणी प्यायली होती. लोणचं सोडलं तसे पुढच्या रविवारी चार रत्तल उतरले. तेव्हापासून एका ठिपक्याचं तिने मनाला लावून घेतलं नाही, सगळी ओळ पाहायची. नवऱ्याशी मात्र अकरा दिवस बोलली नाही.

दसऱ्यापर्यंत आकडा एकशे नव्वदवर आला. पुढच्याच आठवड्यात कापसाचा हंगाम सुरू झाला, जिनाबाहेर गाड्यांची रांग लागली, आणि त्या रविवारी झुलाल ओरडला, "एकशे सत्त्याहत्तर."

जीवराम खूश झाला. ती भिंतीशी गेली आणि तेरा बोटं खाली मोजून थबकली. एका आठवड्यात चारांवर ठिपका कधी सरकला नव्हता. हातातल्या बांगड्या तितक्याच घट्ट होत्या, गुडघाही तसाच दुखत होता. झुलाल आपली थट्टाच करतोय, असं तिला वाटलं.

सोमवारी सकाळी गाडी जुंपायला लावून ती सावदा स्टेशनावर गेली. पार्सलबाबू नको म्हणत असताना काट्यावर चढली.

"एकशे एकोणनव्वद," बाबू म्हणाला.

परतताना तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शनिवारी तिच्या घरचाही कापूस त्याच काट्यावर तोलला गेला होता. घरी न जाता तिने गाडी सरळ जिनात नेली. काट्यावर निंबा पाटलाचं गाठोडं होतं.

"निंबाभाऊ, गाठोडं उतरवा," ती म्हणाली आणि स्वतः काट्यावर उभी राहिली. "हं, झुलाल. ओरड आता."

झुलाल पुटपुटला, "एकशे सत्त्याहत्तर."

"स्टेशनावर एकशे एकोणनव्वद भरले. वाटेत माझे बारा रत्तल कुठी सांडले?"

निंबा वाकला. दांडीच्या टोकाला, खालच्या बाजूने, मेणाने शिशाचा गोळा चिकटवलेला होता. दर तोलामागे बारा रत्तल कापूस गायब. रांगेतले शेतकरी झुलालच्या अंगावर धावले. मॅनेजर धावत आला, आपल्याला काही ठाऊक नाही म्हणाला आणि त्याने झुलालला तिथेच कामावरून काढून टाकलं. आठवडाभराची तूट भरून द्यायचं त्याने कबूल केलं.

"आणि मागच्या सालांची?" कुंदाबाईने विचारलं. मॅनेजर ऑफिसात निघून गेला.

संध्याकाळी जीवराम चावडीवर सांगत होता, "आमाले आधीपासून शंका व्हती." तो जेवायला बसला तेव्हा तिने ताट त्याच्यापुढे आदळलं.

"शंका तुमाले माझी आली व्हती. काट्याची नही."

तो खाली मान घालून जेवला. पुष्पाबाईने न सांगता किल्ली खुंटीला अडकवली.

होळीपर्यंत कुंदाबाई एकशे बहात्तरवर आली आणि बागेत चालत जाऊ लागली. पुढच्या हंगामात पहिल्या दिवशी शेतकऱ्यांनी गाड्या सोडायलाच नकार दिला. आधी कुंदाअक्काला स्टेशनावर तोला, मग इथे, म्हणाले. ती कपाळाला आठ्या घालून दोन्ही काट्यांवर चढली. आकडे जुळले.

"तोला आता," ती म्हणाली आणि बागेच्या वाटेला लागली.