दातांवाचून खायचे चाप

केडगावच्या एकाच अंगणवाडीत भिमाबाईंनी आणि मी एकोणीस वर्षं काढली. मी सेविका, त्या मदतनीस. पोरांची खिचडी त्याच शिजवायच्या आणि ती एकदाही करपल्याचं मला आठवत नाही. त्या निवृत्त झाल्या, पुढच्या वर्षी मीही झाले. घरं एकाच गल्लीत असल्यामुळे येणं-जाणं मात्र तसंच राहिलं.

त्यांचे यजमान कोंडीरामभाऊ साखर कारखान्यात बॉयलरवर फायरमन होते. तिसऱ्या पाळीत डोळा लागू नये म्हणून तंबाखू धरली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. दोन वर्षांपूर्वी गालाच्या आत जखम झाली आणि बरी होईना. ऑपरेशनमध्ये डाव्या बाजूचा खालचा जबडा काढावा लागला. मग कॅन्सर परतू नये म्हणून तीस वेळा लाईट, म्हणजे किरणं, दिली. माणूस वाचला, पण तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं, बोलणं नीट कळायचं नाही. जेवण म्हणजे पातळ खिचडी, नाहीतर दुधात कुस्करलेली भाकरी. तिखट आणि आंबट तर जिभेला लावायची सोय नव्हती.

घरात मटण आणणं भिमाबाईंनी ऑपरेशनच्या दिवसापासूनच बंद केलं. "आमी खायचं आनि त्यांनी नुसतं बघायचं? मला न्हाई जमायचं," त्या म्हणाल्या. पूर्वी भाऊंना बरगडीचे चाप फार आवडत. हाड इतकं लख्ख करून ठेवत की मांजरसुद्धा वळून बघायचं नाही, असं त्याच मला हसत सांगायच्या.

गेल्या थंडीत त्यांच्या मुलाला, पंकजला, कंपनीत बढती मिळाली. त्यानं बार्बेक्यूची शेगडी ऑनलाइन मागवली आणि रविवारी दुपारी चार मित्रांना गच्चीवर बोलावलं. आधी त्यानं वडिलांना विचारलं होतं. भाऊंनी हातानंच खूण केली, कर म्हणून. मलाही बोलावणं होतं.

पंकजनं पाकिटातला मसाला चोळून चाप थेट भडकलेल्या कोळशावर टाकले. पाच मिनिटांत ते वरून काळे झाले. आत मात्र पार वातड राहिले. पोरं दातांनी ओढत होती, हसत होती. भाऊ खुर्चीत खिचडीची वाटी घेऊन बसले होते. मध्येच त्यांनी एक चाप उचलला, डोळे मिटून त्याचा वास घेतला, उजव्या बाजूनं दात लावून पाहिला. जमलं नाही. त्यांनी तो ताटलीच्या कडेला ठेवला, बोटं पुसली आणि पुन्हा वाटी हातात घेतली.

मित्रांच्या ते लक्षात आलं नाही. भिमाबाईंच्या आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या होत्या.

"बाई, मी चाप करनार. त्यांना खाता येतील असे."

"अहो, पण डॉक्टर काय म्हणतील?"

"इचारनार की. इचारल्याबिगर कसं?"

तपासणीच्या तारखेला त्यांनी खरंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "चावावं लागू नये, घशात अडकू नये, तिखट-आंबट नको. हाडाची कपची तर अजिबात नको. एवढं पाळा आणि सुरुवात थोडक्यानं करा." भिमाबाईंनी हे चारही नियम बोटांवर मोजत घरापर्यंत घोकले.

मग त्या गहिनीनाथच्या मटणाच्या दुकानात गेल्या. मीही सोबत होते. गहिनीनाथनं सवयीनं सुरा उचलला.

"तुकडं करू नगं," भिमाबाई म्हणाल्या. "बरगड्यांची अख्खी फळी दे. तोडताना हाडाची कपची उडती."

"फळी? मावशी, भांड्यात मावनार तरी हाय का?"

"ते माझं मी बघते. बकरं कवळं हाय ना? आनि आतल्या अंगाचा पडदा काढून दे."

गहिनीनाथ थांबला. बरगडीच्या आतल्या बाजूला कागदासारखा पातळ पडदा असतो. तो कितीही शिजवला तरी चिवट राहतो, हे गिऱ्हाइकाला सहसा ठाऊक नसतं. "हे तुमाला कुनी शिकवलं?" त्यानं विचारलं.

"आईनं. मिरजगावात आमच्या घरी कवळं मटन कधी आलंच न्हाई. यायचं ते जून, वातड. त्याला मऊ करनं हीच आमच्या बायकांची शाळा."

तरीही पहिला प्रयत्न फसला. मांस मऊ व्हावं म्हणून लावलेली कच्ची पपई जास्त झाली आणि मांस पिठासारखं भुसभुशीत झालं. ते मऊ होतं, पण मटण वाटत नव्हतं. दुसऱ्या वेळी पपई चमचाभरच घेतली, पण कुकरच्या घाईत कडा कोरड्या पडल्या. हे कळलं कसं, तर भिमाबाई दात न लावता खाऊन बघायच्या. घास जीभ आणि टाळूमध्ये धरायचा, नुसता दाबायचा. तुटला तर ठीक, नाही तुटला तर नापास. आठवडाभर त्या जेवणातला पहिला घास, भाकरीचासुद्धा, असाच खात होत्या. मला वाटलं थट्टा चाललीय. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "त्यांना कसं वाटतंय ते मला माझ्या दातांनी कसं कळनार?"

तिसऱ्या रविवारी त्यांनी कुकर बाजूला ठेवला आणि जाड बुडाचं रुंद पातेलं काढलं. फळीला मीठ, आलं-लसूण आणि किंचित पपई लावून दोन तास मुरवली. मिरची, चिंच, लिंबू काही नाही. चव यायची ती भाजलेल्या कांद्याची, सुक्या खोबऱ्याची, धन्याची आणि चिमूटभर दगडफुलाची, तेही वस्त्रगाळ वाटून. झाकणाच्या कडेला कणीक लावून वाफ कोंडली आणि साडेतीन तास मंद आचेवर ठेवलं. झाकण उघडलं तेव्हा मांस हाडापासून बोटभर मागं सरकलं होतं. उरलेला रस त्यांनी गुळाचा खडा टाकून आटवला. तो फळीवर माखून गच्चीवरच्या शेगडीत वरून रंग आणायचा, धुराचा वास लावायचा, एवढंच राहिलं होतं.

आणि तिथं गडबड झाली. गुळामुळे रस लगेच करपायला लागला, खालून ज्वाळा उठल्या. भिमाबाई पदरानं धूर हटवत "अरं देवा, सगळं गेलं" म्हणायला लागल्या. पंकज पाणी आणायला धावला.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोंडीरामभाऊ उठले होते. ऑपरेशनपासून हा माणूस घरातल्या कुठल्याच कामात पडला नव्हता. त्यांनी पंकजला हातानं थांबवलं, चिमट्यानं फळी उचलून परातीत ठेवली आणि सगळे निखारे ओढून शेगडीच्या एका बाजूला केले. वरून मूठभर राख पसरली. तळहात जाळीवर धरून थोडं थांबले. मग फळी निखारे नसलेल्या बाजूला ठेवली आणि झाकण लावलं. तीस वर्षं बॉयलर सांभाळलेला हात होता तो. त्यांनी काहीतरी म्हटलं, आम्हाला कळलं नाही. पुन्हा सावकाश म्हणाले, "जाळ नको. धग."

वीस मिनिटांनी त्यांनीच झाकण काढलं. फळीला तांबूस, चकचकीत रंग आला होता.

भिमाबाईंनी एक हाड धरून नुसतं हलवलं, ते अलगद सुटून हातात आलं. मांस बोटांनी चाचपून, कपची नाही ना बघून, त्यांनी नखाएवढा घास आधी स्वतःच्या जिभेवर दाबला. मग तेवढाच भाऊंना दिला. त्यांनी तोंड मिटलं. गाल हलला, थांबला. आम्ही तिघं त्यांच्या गळ्याकडं बघत होतो. घास उतरला. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

अर्धी बरगडी खायला त्यांना पाऊण तास लागला. कुणीही घाई केली नाही. शेवटी त्यांनी उरलेलं रिकामं हाड मागून घेतलं आणि उगाच चोखत बसले. भिमाबाई जिन्यात जाऊन रडून आल्या आणि येताना भाऊंसाठी कोमट पाणी घेऊन आल्या.

मग हे दर रविवारी सुरू झालं. आग भाऊंची, पातेलं भिमाबाईंचं. चार महिन्यांत भाऊंचं वजन साडेतीन किलोनं वाढलं. तपासणीच्या वेळी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी खाण्याचं विचारलं आणि भिमाबाईंनी सगळं सांगितलं. बाहेर बाकावर नेवाशाकडचा अमृत नावाचा शेतकरी बसला होता. त्याची बायको पूजा, तिच्या जिभेचं ऑपरेशन झालेलं आणि तेव्हापासून तिला कशाची चवच कळेनाशी झालेली. त्यानं दारातून सगळं ऐकलं होतं.

"मावशी, मला लिहून देता का?"

"लिहून काय उपेग? हातानं करावं लागतं. रविवारी ये."

तो आला. आयुष्यात चहापलीकडं काही न केलेला माणूस. भिमाबाईंनी त्याला पडदा सोलायला बसवलं. फाटला, तर पुन्हा कडेपासून. झाकणाला लावलेली कणीक सुटली, तर परत लाव म्हणाल्या. भाऊंनी त्याच्या मनगटाला धरून धगीवर किती उंच हात धरायचा ते दाखवलं. जाताना पहिला घास जिभेवर कसा दाबायचा, हेही त्याला तीनदा करून दाखवायला लावलं. "तुला पटल्याशिवाय तिला द्यायचं न्हाई," भिमाबाईंनी बजावलं.

पुढच्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडंच होते, तेव्हा अमृतचा फोन आला. त्यानं घरी चाप केले होते. म्हणाला, "पूजाशी बोला." फोनमधून बाईचा घोगरा, तुटका आवाज आला. ती काय म्हणाली ते मला एक अक्षर कळलं नाही. भिमाबाई मात्र मान हलवत ऐकत राहिल्या आणि मोठ्यानं हसल्या.

"मीठ कमी पडलं म्हनती," त्यांनी आम्हाला सांगितलं. आणि फोनमध्ये अमृतला म्हणाल्या, "ऐकलंस का? चव कळायला लागली तिला."