ढगे डायरेक्टर आणि दोन आशीर्वाद

निवडणुकीच्या जाहिराती करणारे अंकुश ढगे कुठल्याही उमेदवाराला भेटले, की नमस्काराआधी त्याच्या चपला काढून घ्यायचे. बूट असले तर बूट. ते स्वतः उचलून जीपच्या मागच्या सीटवर ठेवायचे आणि म्हणायचे, "आता चाला साहेब. पुढाऱ्याची ऐट पायात असती. ती काढल्याबिगर चेहरा सुटत नाय." मे महिन्यात एका माजी सभापतींना मी मुकुंदवाडीच्या डांबरी रस्त्यावर टुणटुण उड्या मारत मतदारांकडे जाताना पाहिलं आहे. जाहिरातीत ते फार उत्साही दिसले. "तळपाय भाजला की माणूस आपोआप जनतेकडं धावतो," ढगे म्हणाले.

मी त्यांच्याकडे सात वर्षं एडिटिंग केलं. शहागंजात बांगड्यांच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खालून किणकिण सतत वर यायची, म्हणून आवाजाचं रेकॉर्डिंग दुकानदार जेवायला गेला की उरकायचं. ढगे मूळचे लासूर स्टेशन या गावचे. बाजाराच्या दिवशी जीपला भोंगा बांधून दुसऱ्यांच्या सभा पुकारता पुकारता त्यांच्या हातात कॅमेरा आला. पुढे पुढे तर उमेदवार अर्ज भरण्याआधी त्यांची तारीख घेऊ लागले. त्यांचा नियम एकच होता, एका वॉर्डात एकच उमेदवार.

हा नियम महापालिकेच्या एका निवडणुकीत मोडला. मोहनरावांची जाहिरात आम्ही आधीच केली होती. तीत मुकुंदवाडीत भाजी विकणाऱ्या अनुसयाबाई त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात आणि मोहनरावांचे डोळे भरून येतात. ग्लिसरीन नाही, काही नाही. मग मोहनरावांचे विरोधक बंडूशेठ आले. ते ढग्यांचे शाळासोबती, लासूरच्या शाळेत एका बाकावर बसलेले. "अंकुश, मोहनरावाचं करतो अन् माझं नाय?" एवढंच ते म्हणाले. ढगे विरघळले.

बंडूशेठसाठी वेगळ्या आजी ठरवल्या होत्या. शूटिंगच्या सकाळी त्या नटूनथटून पुतणीकडे बारशाला निघून गेल्या. अनुसयाबाई टोपली घेऊन बाजूला बसल्या होत्या. "मी हाय की," त्या म्हणाल्या. ढग्यांनी त्यांना दुसरं लुगडं नेसायला लावलं, स्वतःचा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला आणि उरलेलं शूटिंग डोळे बारीक करत अंदाजाने उरकलं.

"सर, हनुवटीवरचं गोंदण स्पष्ट दिसतंय," मी एडिटिंग करताना म्हटलं.

"लोक उमेदवाराकडं बघतात ताई. गोंदण कोण बघतंय?"

सगळ्यांनी तेच पाहिलं. दोन्ही जाहिराती एकाच सकाळी आल्या आणि दहाच्या आत कुणीतरी त्या शेजारी शेजारी जोडून गावभर फिरवल्या. खालचा बांगडीवाला हसून हसून गल्ल्यावर आडवा झाला. थोड्याच वेळात मोहनराव आणि बंडूशेठ एकदमच आले आणि आमच्या अरुंद जिन्यात एकमेकांत अडकले. दोघांनाही मागे सरायचं नव्हतं. ढग्यांनी वरून हात देऊन आधी एकाला, मग दुसऱ्याला ओढून घेतलं.

"तुम्हाला या शहरात काम मिळू देणार नाही," मोहनराव धापा टाकत म्हणाले.

"नका देऊ. पण भांडण माझ्याशी कशाला? आशीर्वाद मी दिला नाय. बाईलाच इचारू."

मग आम्ही चौघे एकाच जीपमधून मुकुंदवाडीला गेलो. अनुसयाबाई दारात मेथी निवडत होत्या. दोघांची तक्रार त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"पाया पडला त्याला आशीर्वाद दिला. दोघंबी पडले. मत कुठं दिलंय अजून?" त्या म्हणाल्या. मग मेथीची जुडी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय. रोज कवा येनार, ते तुमच्यातलं कोण सांगतं?"

मोहनरावांनी बंडूशेठकडे पाहिलं, बंडूशेठनी मोहनरावांकडे. ढग्यांचा कॅमेरा चालू होता.

कचेरीत परतल्यावर मी ते दृश्य कापायला घेतलं. प्रश्नानंतर दोघे अकरा सेकंद नुसते उभे होते. ती शांतता मी उडवणार, तोच ढग्यांनी माझा माऊस धरला. "ते कापू नको. वीस वर्षांत मी केलेली हीच एक खरी जाहिरात हाय."

"सर, हे बाहेर गेलं तर आपला धंदा बसेल."

"व्हय. बसंल," ते म्हणाले आणि खुदकन हसले. खाली स्वतःचं नाव टाकून त्यांनी ते दृश्य सगळीकडे पाठवून दिलं.

वॉर्डातून एक निवृत्त नर्सबाई निवडून आल्या. त्यांनी जाहिरात केलीच नव्हती. त्यानंतर आमच्याकडे एकही उमेदवार फिरकला नाही. ढगे अधूनमधून कचेरीचा फोन उचलून कानाला लावायचे. "चालू हाय," म्हणायचे आणि पुन्हा ठेवायचे. मला वाटलं होतं, ते खचतील. ते तर शिट्टी वाजवत पडदे काढत होते, दिवे गुंडाळत होते. मला त्यांनी आधीच एका स्टुडिओत चिकटवून दिलं होतं.

लासूरला सामान नेणारा टेम्पो भरला, तेव्हा मी विचारलं, "आता काय करणार सर?"

"लग्नाचे व्हिडिओ. तिथंबी दोघं कॅमेऱ्यासमोर आश्वासनं देतात," ते टेम्पोत चढत म्हणाले. "पण नंतर एका घरात राहतात. एकमेकांना जाब इचारायला सोपं जातं."