पट्टीमागचा भालाईत

इंदूरला बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत दौलतराव जामगावकरांकडे गेलात, तर गादीवर जरा बेतानं बसा. टेकलात की खालून चर्र आवाज येतो. पाहुणा दचकतो आणि दौलतराव ओरडतात, "अहो सांभाळून! खाली नटी आहे." खाली एक नव्हे, पुष्कळ नट्या असतात. घरातल्या प्रत्येक गादीखाली, कपाटामागे, माळ्यावर त्यांनी सिनेमाची जुनी पोस्टरं पसरून ठेवली आहेत. द्वारकाबाई, म्हणजे त्यांची पत्नी, म्हणतात, "आमच्या घरात कूस बदलली तरी शेजाऱ्यांना कळतं."

दौलतरावांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. घोडा होता, तलवार होती, दरबारात बसायला ठरलेली जागा होती. घोडा मेला, तलवार आत्याच्या लग्नात गेली, जागा मात्र दौलतरावांनी अजून धरून ठेवली आहे. सरकारी दफ्तरात ते साधे कारकून, पण टेबल असं लावून घेतलंय की येणारा समोरूनच यावा. मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, निम्मं दफ्तरही तिकडे गेलं. दौलतराव गेले नाहीत. "जामगावकर कुणाच्या मागे जात नसतात," ते म्हणाले. खरं म्हणजे त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

पोस्टरांचा नाद लागला तो संस्थानच्या दिवसांत. मुंबईची एक कंपनी सिनेमा काढायला इंदूरला आली होती. सिरपूर तलावाकडच्या माळावर लढाई व्हायची होती आणि लढायला माणसं हवी होती. ऐन विशीतल्या दौलतरावांना पागोटं बांधून, हाती भाला देऊन नायकाच्या मागे उभं केलं. लढाई जेवणाआधीच संपली. तो बोलपट काढणारेही आता त्याचं नाव विसरले असतील. पण त्याच्या पोस्टरवर नायकाच्या खांद्यामागे एक भालाईत रंगवला होता, आणि तो दौलतरावांनी सियागंजच्या भिंतीवर पाहिला होता. "हुबेहूब मी!" दुसऱ्या दिवशी आईला दाखवायला नेलं, तर त्यावर दुसऱ्याच सिनेमाचं पोस्टर.

तेव्हापासून शोध सुरू. शिडी आणि लईची, म्हणजे मैद्याच्या खळीची, बालदी घेऊन फिरणाऱ्या पोस्टरवाल्यांशी दोस्ती झाली, डोअरकीपरांना चहा पाजून झाला. हवं ते मिळेना, म्हणून मिळेल ते घरी येत गेलं. त्याला पुढे संग्रह म्हणू लागले.

समोरच्या ओट्यावर निवृत्त हेडमास्तर नानासाहेब बसत. येता-जाता विचारत, "दौलतराव, भाला कोणत्या हातात होता हो?" दौलतराव कधी उजवा म्हणत, कधी डावा. एकदा गणपतीच्या भर मंडपात नानासाहेब बोलून गेले, "ते पोस्टर आणा. तुमचं तोंड दिसलं, तर याच गल्लीत तीनदा वाकून मुजरा करतो. नाही दिसलं, तर भाल्याची गोष्ट कायमची बंद."

मंडप हसला. दौलतराव हसले नाहीत. मुजरे करकरून घराण्याच्या पाठी वाकल्या होत्या. मुजरा घेणारा अजून कोणी निघाला नव्हता.

आणि शहरातलं एक जुनं टॉकीज बंद पडलं. खुर्च्या, पंखे, पडदा, गोदामातले पोस्टरांचे गठ्ठे, सगळ्याचा लिलाव निघाला. दौलतराव आदल्या दिवशी पाहून आले. एका गठ्ठ्यातून कागदाचा कोपरा बाहेर आला होता. त्यावर भाल्याचं टोक आणि नायकाचा तोच जांभळा शेला! गठ्ठा सोडून पाहायची परवानगी नव्हती.

घरी येऊन बेत ठरला. सरदार माणूस हात वर करतोय म्हटलं की भाव चढतो, म्हणून बोली लावायची मेहुण्यानं, कृष्णरावांनी. कृष्णराव मिलमध्ये टाइमकीपर. सांगितलं तेवढंच करणार, पण तेवढं करणारच.

"तू मागे बस. ओळख द्यायची नाही. आणि काही झालं तरी बोली सोडायची नाही."

"बरं दाजी. आवाजही बदलू का?"

"बदल."

लिलावाला दौलतराव पहिल्या रांगेत, मधोमध बसले. डोक्यावर साफा. कृष्णराव शेवटच्या रांगेत, शेजारी मी, गल्लीतलाच एक. गठ्ठा आला. रद्दीवाल्या सेठनं रद्दीचा भाव सांगितला. कृष्णराव चढले. सेठ पुन्हा चढला आणि समोरचा साफा पाहून त्याला राहवलं नाही. "भिया, ये आगे वाले बाबूजी तो खाली कुर्सी गरम करने आए हैं!"

झालं. साफा हलला, हात वर गेला. "हमारी तरफ से पाँच ऊपर!"

सेठनं बोली सोडली. रद्दी त्या भावात परवडत नव्हती. मामला तिथंच मिटायचा, पण मागून आवाज आला, "पाँच म्हारा भी!"

कृष्णरावांनी वेषांतर म्हणून माळवी धरली होती. मी देपालपूरचा, माळवी बोलतच वाढलेला. तसली माळवी आमच्याकडे बैलालाही कळली नसती. दौलतरावांना मात्र ती एखाद्या बड्या पटेलाची वाटली.

त्यांनी नुसतं मागे वळून पाहिलं असतं तरी भागलं असतं. पण जामगावकरांचा दरबारी नेम असा, की एकदा जागेवर बसलं की मागे पाहायचं नाही. जो मागे पाहतो, त्याला आपली जागा जाईल ही भीती. दौलतराव ताठ बसून राहिले. "और दस!"

"दस म्हारा भी!"

मी कृष्णरावांचा कोट ओढला. "अहो, ते तुमचे दाजीच आहेत!"

"दिसतंय ना," ते कुजबुजले. "पण सोडायची नाही म्हणालेत. त्यांची काहीतरी चाल असेल."

लिलाव करणाऱ्या मुनीमजींना इतका आनंद टॉकीज चालू असताना कधी झाला नसेल. रद्दीच्या त्या गठ्ठ्याच्या किमतीत नवी सायकल आली असती, घंटीसकट. शेवटी कृष्णरावांना ठसका लागला आणि तेवढ्यात हातोडा पडला. दौलतराव उठले, मिशीवरून हात फिरवला, आणि हरलेला पटेल पाहायला आता कुठे मागे वळले. मेहुणा डोळे पुसत उभा होता.

"ठसका लागला हो दाजी. नाहीतर सोडली नसती!"

दौलतराव टांग्यात गठ्ठा मांडीवर घेऊन, समोर पाहत बसले.

संध्याकाळी गल्ली जमली. नानासाहेब टोपी सारखी करून आले. गठ्ठा सुटला, पोस्टर उलगडलं. जांभळा शेला, नायकाच्या मिशा, खांद्यामागे भालाईत. वर पागोटं होतं, खाली उजव्या हातात भाला होता, आणि मधे, बरोब्बर तोंडावर, टॉकीजवाल्यांची पिवळी पट्टी: "जनता की माँग पर एक हफ्ता और."

खेळ वाढला की पोस्टरवर अशी पट्टी मारायची पद्धत. कुठे मारायची ते शिडीवरचा माणूस ठरवी, आणि नायकाच्या तोंडावर मारायची त्याची हिंमत नसे.

द्वारकाबाई ओलं फडकं घेऊन आल्या. "लईच तर आहे. पाण्यानं सुटेल."

गल्ली पुढे सरकली. फडकं पट्टीला लागणार, तोच दौलतराव मधे आले. चेहरा पांढरा पडला होता. "राहू द्या. जुन्या मालाला हात लावायचा नसतो."

"मग मी मुजरा कोणाला करू?" नानासाहेब म्हणाले. "पट्टीला?"

"तुमची मर्जी."

नानासाहेबांनी खरंच पट्टीला तीनदा वाकून मुजरा केला. गल्ली पोट धरून हसली. दौलतरावांनी मान किंचित लववून तो घेतला.

पोस्टर आता बैठकीत काचेच्या फ्रेममध्ये आहे. भाला कायम उजव्या हातात असतो. नानासाहेब विचारत नाहीत, कारण विचारलं की फ्रेमसमोर उभं राहून सगळी लढाई ऐकावी लागते.

पुढचं द्वारकाबाईंनी सांगितलं. यंदाच्या पावसाळ्यात ओल धरली आणि पट्टीचा एक कोपरा आपोआप सुटला. सकाळी त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, तर फ्रेम उघडी, आणि दौलतराव वाटीत लई कालवून कोपरा पुन्हा चिकटवत होते. डोळे दुसरीकडे.

"पाहिलंत का खाली?" त्यांनी विचारलं.

"त्यात काय पाहायचं? मी कसा दिसतो ते मला माहीत नाही?"

द्वारकाबाईंनी वाटी उचलून पाहिली. लई पातळ झाली होती. आत जाऊन त्यांनी तिच्यात चमचाभर मैदा घातला आणि वाटी परत आणून दिली.