लाखनीची खोली अर्ध्या बटईनं देली

आमच्या घरात मी सगळ्यात कमी बोलतो. नववीत शाळा सोडली तवा घरच्यांले लय दिवस समजलंच नाई, कारन मी कोनाले सांगितलंच नोहतं. असा मी. उन्हाळ्यात बाबासंग भंडाऱ्यावरून एसटीनं वापस येऊन राहिलो होतो. लाखनीले बस थांबली, मोठ्या रोडवर ट्रकायची ही लांब लाईन दिसली, अन् माह्या तोंडातून निंगून गेलं, "बाबा, इथी आपली एखादी खोली असती त भाड्यानं देता आली असती."

माहं एवढं लांब बोलनं बाबानं पहिल्यांदाच ऐकलं. त्यायले वाटलं, पोराले काईतरी दिसलं असन. बैलजोडीसाठी ठेवलेल्या पैशात त्यायनं रोडाच्या कडची एक खोली घेऊन टाकली.

मग तिले कुलूप. पुरा पावसाळा कुलूप. आमच्या गावी, दिघोरीत, बसून लाखनीची खोली भाड्यानं जात नसते, हे आमाले खोली घेतल्यावर समजलं.

धान लोंबीवर आलं तवा भाऊजी, म्हंजे माह्या बहिनीचे मालक, घरी आले. बाबाले म्हनाले, "मामाजी, या मुक्याच्या म्हनन्यावर तुमी बैल घालवले." बाबा लय वेळ सुपारी कातरत बसले. मग माह्याकडं पाहून म्हनाले, "दिवाळीवरी भाडेकरू आन. नाई त खोली इकतो, बैल घेतो, अन् बैलाच्या मागं तू. जन्मभर."

मायनं लाखोळीच्या डाळीचे वडे बांधून देले, थैलाभर तांदूळ देले. बाबानं महिन्याचं भाडं किती मांगाचं तो आकडा पाठ करून घेतला. मी निंगालो.

ज्यांले जायचं असन त्यायनं सकाळची साकोलीची गाडी धरावी. रस्ता चांगला आहे, म्हंजे खड्डे आहेत पन दोन्हीकडं धान अन् मधात तळे, त डोळ्यायले खड्डे समजत नाईत. फक्त मागच्या सीटवर बसू नका. मी बसलो, कारन पुढं बसाचं त कोनाले तरी 'सरका' म्हना लागते.

साकोलीले स्टँडवर लाखनीची गाडी भेटते. पन स्टँडवर लय गर्दी होती म्हनून मी रोडावर जाऊन हुबा राहिलो. हात दाखवला का गाडी थांबते म्हनतेत. मी हात छातीवरीच वर केला. ड्रायव्हरले वाटलं असन हा खाजवून राहिला. दोन गाड्या गेल्या. शेवटी एक ट्रकवाला आपल्याच मनानं थांबला. "कहाँ जाना है?" म्यां सांगितलं, पन इंजिनचा आवाज माह्यापेक्षा मोठा होता. लाखनी आली, लाखनी गेली. त्याले वाटलं मी भंडाऱ्याचा. लाखनी बरीच मागं पडल्यावर तो लघवीले उतरला, तवा मी बी उतरलो अन् पायी वापस आलो. फायदा एवढाच का ट्रकवाल्यानं पैसे घेतले नाईत. मले बी विचाराची हिंमत झाली नाई.

खोलीच्या बाजूले रमेशभाऊचं पंचरचं दुकान. त्यायनं मडक्यातलं पानी देलं. "भाडेकरू पाहिजे? मग बोंब मार ना बे गावात." मी हो म्हनलं अन् उंबऱ्यावर बसलो. दुसरा दिवस बी तसाच गेला. समोरच्या टपरीवर आठ आन्याचा चहा भेटते, आलूबोंडा गरम असला त झकास. मी चहावर चहा पेलो, दर कपाले ठरवलं का आता टपरीवाल्याले विचारीन कोनी खोली पाहून राहिलं का म्हनून. चौथ्या कपाले त्यानंच विचारलं, "पोटात दुखून राहिलं का तुयं?"

तिसऱ्या दिवशी बाजार होता. वैनगंगेकडून मच्छी इकाले बाया येतेत. त्यातली एक, सुगंधाबाई, डोक्यावरची टोपली उतरवून माह्या उंबऱ्यावर सावलीत बसली.

"काय गा पोरा, खोली तुयी का?"

"हो."

"मग बंद काहून?"

मी कुलूप काढलं. तिनं खोलीत वाकून पाह्यलं. "बाजार उठला का मच्छी उरते, अन् उरली का सडते. इथी चूल मांडली त ट्रकवाल्यायले भात-मच्छी घालीन. मांडू?"

"मांडा."

"घेशीन काय?"

हाच तो वखत. आकडा जिभेवर आला अन् तिथीच बसला. ओळख ना पाळख, बाईमान्साले पैसे कसे मांगाचे? घाबरलो अन् जो शब्द लहानपनापासून घरात ऐकला तोच निंगाला, "अर्ध्या बटईनं."

वावर बटईनं, म्हंजे पिकाच्या वाट्यावर, देतेत, खोली नाई, हे मले बोलल्यावर आठवलं. पन सुगंधाबाई हासली नाई. ती हिसाब कराले लागली.

"आमच्यात मच्छी धरली का डोंग्याचा, म्हंजे नावेचा, एक वाटा, जाळ्याचा एक वाटा, मान्सायचे आपले आपले. खोली म्हंजे डोंगा समजू. अर्धा लय झाला गा."

"बियानं अर्धं देईन," म्यां म्हनलं. आता वावराचीच गोष्ट चालू झाली होती त मले बोलता बी येत होतं.

"बियानं म्हंजे?"

मी तांदळाचं थैलं पुढं केलं. तिनं मूठभर घेऊन वास घेतला. "बरे आहेत. मग तांदूळ तुये, मच्छी माही, तेल अर्धं अर्धं, वाटा बी अर्धा. ठरलं."

रमेशभाऊनं सारं ऐकलं. ट्यूब हातातच राहिली. "अबे, भाडं म्हंजे धंदा होवो का न होवो, महिना झाला का पैसे! तू त तिच्या नुकसानीत बी अर्धा झाला. भाडेकरू ठेवला का मालकीन ठेवली?"

मच्छी उरली त अर्धं नुकसान माहं, अन् मग खोली जाईन, बैल येतीन, अन् बैलाच्या मागं मी.

दुसऱ्या दिवशी चूल पेटली. बटईत एक रीत असते. मळनीच्या वखती मालकाचा मानूस खळ्यावर राखन बसते, वाटनीत गडबड होऊ नये म्हनून. म्हनून मी उंबऱ्यावर राखन बसलो.

"बसून काय राहिला? ताटल्या धू," सुगंधाबाई म्हनाली.

"मी मालक आहो."

"म्हनूनच त अर्ध्याच धू."

धुतल्या. पन खानारा कोनीच नाई. ट्रक येऊन राहिले, जाऊन राहिले. कढईतली मच्छी थंडी होऊन राहिली. "आवाज दे ना गा! माह्या हातात झारा आहे, तुया तोंडात काय आहे?"

मी रोडाच्या कडेले गेलो. पहिल्यांदा म्हनलं ते मलेच ऐकू आलं नाई. मग कढईकडं पाह्यलं, बाबाची सुपारी आठवली, डोळे मिटले अन् होतं तेवढं बोंबललो, "भात-मच्छीईई!"

कचकन ब्रेक लागला. ड्रायव्हर खाली उतरून चाकं ठोकाले लागला. "कौन सा टायर गया?"

रमेशभाऊ हासत हासत बाहेर आला. "टायर ठीक आहे सरदारजी. खाना बना है, पोरगं तेच बोंबलून राहिलं."

सरदारजीनं मले खालपासून वरपावेतो पाह्यलं. मग जेवाले बसला, अन् दुसऱ्या डाव भात मांगितला. एक ट्रक हुबा दिसला का मागचे बी थांबतेत, हे तवा समजलं. दुपारवरी कढई पुसून निंगाली. मी साऱ्याच ताटल्या धुतल्या, आपला अर्धा हिसाब इसरून.

वापस येताना स्टँडवरूनच बसलो. घरी अंगनातूनच म्हनलं, "माय, भात वाढ!" माय घाबरून पळत आली, "काय झालं बाप्पा? साप चावला का?" आवाज जरासा मोठाच लागून गेला होता.

भाऊजी होतेच. "किती भाडं ठरलं?"

"अर्धी बटई."

भाऊजीले हासताना ठसका लागला. म्यां वाट्याचे पैसे बाबापुढं ठेवले, अन् पळसाच्या पानातली तळलेली मच्छी. बाबानं एक तुकडा तोंडात टाकला. लय वेळ चावला.

"बियानं कोनाचं?"

"अर्धं अर्धं."

"राखन कोन करते?"

"मीच."

"मग हासाले काय झालं जवाईबापू? आपलं वावर बी असंच चालते." बाबानं काटा काढून भितीकडं फेकला. "मच्छी बरी आहे. खोली राहू दे. बैलायचं पुढच्या साली पाहू. उठा, थैल्याचं तोंड धरा, बियानं भरून द्या लागन."

भाऊजीनं थैल्याचं तोंड धरलं.

तुमाले बी परगावी खोली घ्याची असन त घ्या. पन भाव विचारला त आकडाच सांगा, नाई त ताटल्या धुवा लागतीन. लाखनीवरून जाताना भूक लागली त थांबा. सुगंधाबाई चुलीपाशी असते. मी बाहेर, रोडाच्या कडेले. आवाजावरून वळखू येईन.