पाण्याखालचे धोंडे

आमची जुनी जमीन धरणात गेली. उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळ उघडा पडतो, त्यात बाबा टरबुजं लावतात. त्यासाठी आता राहतो त्या दुसरबीड गावाहून आम्ही तिथं जातो. काठापासून थोडं आत, गुडघाभर पाण्याखाली, काळ्या धोंड्यांचा एक लांबट ढीग दिसतो. त्यावरून माय-बाबांचं कायम वाजतं. माय म्हणते, तो माणसानं रचलेला आहे. बाबा म्हणतात, खडक आहे, देवानं केलेला, तुझं आपलं काहीतरीच. शेजारचे शेतकरी हसतात, म्हातारा-म्हातारीला भांडायला दुसरं काही उरलं नाही म्हणतात. मीही हसायचे.

माझं बाळंतपण झाल्यावर मायनं सांगितलं, तेव्हा हसू मेलं. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. दात यायच्या आत तो गेला. आमच्याकडे एवढ्या लेकराला जाळत नाहीत, शेतात पुरतात आणि वर धोंडे रचतात, कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. बायका जात नाहीत. बाबाच त्याला कापडात गुंडाळून घेऊन गेले. कुठं पुरला ते त्यांनी सांगितलं नाही, तिची विचारायची हिंमत झाली नाही, आणि मग पाणी आलं. मायला त्याची जागा हवी होती, एवढंच. तेव्हापासून ते पाणी मला बघवत नाही. माझ्यापेक्षा मोठा, आणि तरी अजून तान्हाच, असा कोणीतरी माझ्याकडे बघतोय असं वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात पाणी बरंच उतरलं. मायनं लुगड्याचा घोळ खोचला आणि आत निघाली. तिचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून तिला थांबवून मीच उतरले. म्हटलं, यात भांडायचं काय, खडक हलत नाही, रचलेला धोंडा हलतो. बाबा वेलात वाकलेले होते. निसरडं आहे, काऊन जाऊन राह्यली, एवढंच ते म्हणाले.

पहिला धोंडा शेवाळलेला, घट्ट. दुसराही घट्ट. बाबांचंच खरं म्हणायचं, असं मनात आलं आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. तिसऱ्याला हात लावला तर तो डुगडुगला. मी त्याच्या कडेखाली बोटं घातली.

"उचलू नको, बाई," बाबा काठावरून म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "त्याचं डोकं हाये तिकडं."

माझे हात पाण्यातच राहिले. माय त्यांच्याकडे बघत होती.

"इतके वर्स काऊन नाही सांगितलं?"

"कसं सांगू तुले? लेकरू पाण्यात हाये म्हणून सांगितलं असतं, तर दर हिवाळ्यात त्याले थंडी वाजत असंल म्हणून जागत बसली असती तू."

माय पाण्यात उतरून माझ्यापर्यंत आली. माझ्या खांद्याचा आधार घेत ती वाकली, मी हलवलेला धोंडा दोन्ही हातांनी दाबून होता तसा बसवला आणि हात तिथंच ठेवले. बाबा काठावर उभेच होते, त्यांना पाऊल उचलवत नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली.

"या हो आत," ती त्यांना म्हणाली. "पाणी कोमट हाये."